कंस

तासगावात, बेदाण्याच्या शीतगृहामागच्या खोलीत
मी अकरा वर्षांचं एक घर वाटायला बसले.
घर म्हणजे कोड. नाव 'मापटं'.
सौद्यातलं वजन घेतं, पेटीचं वजन वजा करतं,
पावती काढतं. फुकट.
कुणीही न्यावं, कुणीही दुरुस्त करावं.

सगळं एकाच रिपॉझिटरीत नांदत होतं.
काट्याची वायर ज्या भाषेत कुरकुरते ती भाषा,
छपाई, कन्नड भाषांतर, दोन फॉन्ट,
मुबीन सतारमेकरनं मिरजेहून धाडलेल्या चाचण्या
आणि 'तात्पुरते' नावाचं एक फोल्डर,
वय वर्षं नऊ.
छपाईत स्वल्पविराम बदलला की काटा रुसायचा.
म्हणून ठरलं, चुली वेगळ्या करू. चार हिस्से.
भांडण नाही. मुबीन एवढंच म्हणाला,
"चाचण्या कुणाकडं राहणार, तेवढं सांग."

पहिल्या खेपेला मी सोपं केलं.
फायली उचलल्या, नव्या जागी ठेवल्या, कमिट.
दहा मिनिटांत चार घरं उभी, सारवल्यासारखी.
चहा ठेवला.
मग सहज एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, ही कुणाची?
उत्तर आलं, माझी.
तिच्या खालची? माझी.
अकरा वर्षं, एकोणतीस माणसं,
एका मंगळवारी दुपारी तीन बाविसाला
माझ्या एकटीच्या नावावर.

आई दारात बेदाणा निवडत होती.
पस्तीस वर्षं तलाठी. जत, कवठेमहांकाळ, शेवटी मणेराजुरी.
तिला स्क्रीन दाखवली, हसत.
ती हसली नाही.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली,
"असा उतारा मी पाहिलाय.
थोरल्यानं रातोरात सगळं आपल्या नावावर केलेला.
जुनं नाव खोडायचं नसतं गं, त्याला कंस करायचा.
माणूस मेला, विकून गेला, काही का होईना,
नाव वाचता आलं पाहिजे,
आणि शेजारी फेरफाराचा नंबर."

कंस.
दिवसभर मी तेच तर मोजते,
उघडलेला कुठं मिटायचा राहिला ते.

चारी घरं पाडली.
रात्री पुन्हा पहिल्यापासून, फेरफार धरून धरून,
जी नोंद ज्या हिश्श्याची तिथं नेली.
कुणी रात्री तीनला लिहिलेलं, कुणी लग्नाच्या आदल्या दिवशी.
एकानं फक्त 'पावती'ची वेलांटी दुरुस्त केलेली,
तोही आला, वेलांटीसकट.

दीडच्या सुमाराला रेवणसिद्ध बिराजदार लागला.
उमदीचा. त्याच्या चारच ओळी,
पुठ्ठ्याच्या पेटीला प्लास्टिकच्या क्रेटचं वजन
लावू नये म्हणून.
वर टीप: "हे काढू नका.
उद्या बारावीचा पेपर आहे, नंतर समजावून सांगतो."
नंतर तो आलाच नाही.
पेपर कसा गेला, तेही कुणी विचारलं नाही. मीही.
त्या चार ओळी आता तोलाईच्या घरात आहेत,
त्याच तारखेला, त्याच्याच नावावर.

उजाडताना फक्त 'तात्पुरते' उरलं.
आत एक अर्धवट घड्याळ, द्राक्षाच्या घडाचं चित्र,
आणि पासष्ट ओळींचं काहीतरी,
जे का चालतं ते कुणाला ठाऊक नाही,
पण काढलं की सगळं थांबतं.
कुठल्याच वाट्यात बसेना.
आई चुळ भरता भरता म्हणाली,
"गायरान लाव त्याला."

लावलं.

सव्वानऊला सौद्यातून फोन.
"ताई, पावती निघंना झालीया.
रातीत काय हलवलासा का?"
वायर एकदा काढून लावा, म्हणाले,
आणि चारांतल्या कुठल्या दारावर
आधी थाप मारायची, ते बघत बसले.